साखरेचं कमळ

शिरपूर जैनच्या भागिरथाबाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदण केलं. नवरा लवकर गेला. एकुलत्या प्रसेनजितला तिनं एकटीनं वाढवलं. तो पुण्याच्या एका हॉटेलात लागला तेव्हा शेजारच्या चतुराबाईनं विचारलं, पोरगा तिथं काय करतो? साखरेची फुलं, भागिरथाबाईनं सांगितलं. चतुराबाईला ती थट्टाच वाटली.

काम मात्र तेच होतं. साखरेचा कडक पाक ओतायचा, गरम असतानाच हातमोजे घालून ओढत राहायचा. त्याला रेशमासारखी चमक आली की एकेक पाकळी काढायची. लग्नाच्या केकवर ती फुलं बसत. एकदा मायसाठी त्यानं गुलाब आणला. बसमध्ये डबा मांडीवरच धरला होता, तरी घरी येईपर्यंत आत चुरा झालेला. पुढच्या वेळी आणतो, तो म्हणाला.

पुढच्या वेळी सुट्टी मिळाली नाही, त्याच्या पुढच्याही वेळी नाही. मायला मधुमेह आहे हे त्याला फार उशिरा कळलं. तिनंच लपवलं होतं. अकोल्याला तिचा पाय कापावा लागला, वर्षभरात डोळेही गेले. प्रसेनजित नोकरी सोडून घरी आला. तिची आंघोळ, इंजेक्शन, भाकर, सगळं तोच करू लागला.

एका सकाळी ती म्हणाली, फूल राहूनच गेलं.

त्यानं घरच्या गॅसवर पाक केला. दुपारी तिच्या ओंजळीत कमळ ठेवलं. तिनं पाकळ्या बोटांनी हळूहळू चाचपल्या.

"खरंच करत होता तू," ती म्हणाली. "मले वाटे, ततं भांडे घासून राह्यला असशीन."

"मंग लोकायले काहून सांगे?"

"तू सांगतलं होतं म्हून."

तिनं चतुराबाईला बोलावून घ्यायला लावलं, आणि नीट पाहून घे म्हणाली.

दमट हवेत कमळ दोन दिवसांत चिकट झालं, पाकळ्या एकमेकींना लागल्या. तिनं ते टाकू दिलं नाही. पंधरवड्यानं ती गेली.

हॉटेलातून फोन आले, पण तो गेला नाही. आता वाशिमच्या एका बेकरीत केक करतो. फुलं क्रीमची काढतो. साखरेची कुणी मागितली, तर येत नाहीत म्हणून सांगतो.