अण्णांच्या नावेचा शेवटचा हात

पॉलिशअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीवर अंगठा फिरवत आणि मगच माणसांची चौकशी करत. लाकूड खरखरीत लागलं तर चहासुद्धा नाखुशीनं पीत. कमरीपेठेतल्या निम्म्या लग्नांची कपाटं त्यांच्या हातची, तोंड बघून भांग पाडावा अशी. आमच्या रंगाच्या दुकानात ते चपडा लाख घ्यायला येत. ती स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापसाच्या पुरचुंडीनं लाकडावर घासायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. वॉर्निशच्या डब्याकडे ते ढुंकून बघत नसत. "ब्रश भिंतीला रे," म्हणायचे, "लाकडाला हात लागतोय."

अशा माणसानं समुद्र नसलेल्या हुबळीत नाव बांधायला घेतली तेव्हा सगळी पेठ हसली. हुबळी म्हैसूर राज्यात गेली त्यानंतरच्या एकदोन वर्षांतली ही गोष्ट. मीही हसलो, आणि कारण कळल्यावर मलाच लाज वाटली. त्यांची बायको, आमच्या अक्का, कारवारकडच्या. लहानपणी नावेतूनच शाळेला जायच्या. आता त्यांच्या पायांवर सूज चढत होती आणि डॉक्टरांनी कारवारचा प्रवास कायमचा बंद केला होता. उणकलच्या तळ्यात का होईना, एकदा नावेत बसायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

नाव सुरेख झाली. सागाची, दोन माणसांपुरती. मग अण्णा नेहमीसारखे लाख घ्यायला आले. ओला पेला ठेवला तरी लाखेवर पांढरा डाग उठतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी भीत भीत वॉर्निश सुचवलं. "तिच्या नावेला डब्यातलं फासू काय? पंधरा हात मारतो, पाणी कुठनं शिरतंय बघू." थोरल्या माणसाशी वाद किती घालायचा, म्हणून मी मुकाट्यानं लाख तोलून दिली. ते गप्प बसणं मला अजून खातं.

बैलगाडीतून नाव उणकलला नेली. अक्का काठावर चटई टाकून बसल्या होत्या. आधी रिकामी नाव पाण्यात सोडून बघितली, तर तासाभरात तिचा बुडालेला भाग ताकासारखा पांढरा पडला. अक्का शांतपणे म्हणाल्या, "पाण्याला कुठं दिसतंय ते? बसवा मला." पण अण्णांची मान वर होईना. असल्या नावेत तिला बसवायचं नाही म्हणून त्यांनी नाव परत गाडीवर चढवली. गाडीबरोबर आलेले पेठेतले आम्ही चौघं तिथं होतो, कुणीही त्यांना अडवलं नाही.

लाख खरवडण्यात उन्हाळा गेला. मग अण्णा वॉर्निश निवडायला बसले. माझ्या दुकानातलं प्रत्येक वॉर्निश सागाच्या एकेका पट्टीला लावून त्यांनी पट्ट्या पाण्याच्या पिंपात बुडवल्या. पंधरा दिवसांनी एक पट्टी पास झाली. पहिला हात दिला आणि पावसाळी हवा सुरू झाली. वॉर्निश वाळेना, बोट लावलं की चिकटे. अक्का खाटेवरून विचारायच्या, वाळलं का हो? अण्णा रोज उद्याचा वायदा करायचे. श्रावणात अक्का गेल्या.

तेरावं झाल्यावर अण्णा दुकानात आले आणि त्यांनी तेच वॉर्निश मागितलं. डबा पुढे करताना सवयीनं तोंडातून निघून गेलं, की दोन हातांमध्ये दोन दिवस तरी जाऊ द्या, अण्णा.

त्यांनी डबा पिशवीत ठेवला.

"जाऊ देत की," ते म्हणाले. "आता काय घाई हाय रे."