आणखी नव्वद वर्षं

इंग्लंडमधल्या वर्दिंगच्या नाट्यगृहात बेरिल कॉटरिलने एकेचाळीस वर्षं नटांना कपडे चढवले. टाळ्या दुसऱ्यांना मिळाल्या, तिला मिळालं वेळेचं भान. दोन प्रवेशांमधल्या काळोखात राणीची भिकारीण करावी तर तिनेच.

म्हणून तर ऐंशीव्या वर्षी तिला बरोबर आठवलं, की लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर विकत घेतलेल्या आपल्या फ्लॅटची ऐंशी वर्षं आणि जेमतेम तीन आठवडे उरलेत. पट्टा ऐंशी वर्षांच्या खाली गेला, की नव्वद वर्षांची मुदतवाढ कायद्यानेच इतकी महागते की तिला झेपली नसती. आणि फ्लॅट तर तिला आपल्यामागे डोरीनच्या नावे करायचा होता. नाट्यगृहात तीस वर्षं शेजारी बसून टाके घातलेली डोरीन अजून भाड्याच्या खोलीत राहत होती.

वकील हसला. "बाई, या वयात आणखी नव्वद वर्षं कशाला?"

"तुम्ही आधी नोटीस लिहा, मग हसा."

नोटीस इमारतीच्या मालकाकडे वेळेत पोचली. सात महिन्यांनी सह्या झाल्या आणि "माझ्यामागे हा फ्लॅट तुझा" म्हणत बेरिलने चहाबरोबर नवा पट्टा डोरीनपुढे सरकवला.

डोरीनने चष्मा चढवून वाचलं. "एकशे सत्तर वर्षं? अगं, मी बहात्तरची आहे."

"मग बिस्कीट खा. ताकद लागेल."

"आणि तुझ्यामागे मी एकटी इथे काय करू?"

"माझ्यामागे कशाला? पलीकडची खोली रिकामीच आहे. शनिवारी सामान घेऊन ये."

डोरीनने खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझं शिवणयंत्र खिडकीशी राहील. नाहीतर मी येत नाही."

बेरिल खिडकीजवळचं टेबल हलवायला उठलीसुद्धा.