मोटारीतली माझी जागा

शहापूर-मुरबाड सर्व्हिस मोटारीत माझी जागा ठरलेली होती. मागच्या बाकाचा डावा कोपरा. मी विधवा. सकाळी मोटार सुटताना पुढच्या बाकावर पांढरं कपाळ दिसलं तर मालकाची बोहनी बिघडायची, आणि मधे बसले तर शेजारच्या सवाष्णीला माझा पदर लागायचा. म्हणून मागे, कोपऱ्यात, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ. कोंबड्यांना विधवा चालते.

किन्हवलीच्या दवाखान्यात मी सुईण होते. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा पटकीने गेला. सासरच्यांनी मला माहेरी आणून टाकलं आणि माहेरच्यांनी कल्याणला सुईणपण शिकायला घातलं. दया म्हणून नव्हे, घरातलं एक खाणारं तोंड कमी व्हावं म्हणून. काही का असेना, हातात विद्या आली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. अडलेल्या बाईचा निरोप आला की मी निघायची. आडवं मूल पोटात हाताने फिरवता येतं, पण सुईण वेळेवर पोचली तर. माझं सगळं कसब त्या पोचण्यावर होतं, आणि पोचायला ती एकच मोटार होती.

मोटार जुनी, पुढे-मागे दोनच बाकांची, मुंबईच्या कुणा साहेबाने वापरून टाकलेली. मुरबाडच्या एका भाताच्या व्यापाऱ्याने ती घेतली होती. त्याला सगळे शेठ म्हणत आणि तो रोज ड्रायव्हरच्या शेजारी बसून फिरे. ही मोटार चालता चालता एकदम मुकी व्हायची. आचके नाहीत, धूर नाही, बंद. सगळे उतरायचे. ड्रायव्हर बॉनेट उघडून प्लग पुसायचा, वायरी हलवायचा, नळीत फुंकायचा. मग हँडल मारलं की पहिल्या फटक्याला सुरू. काय बिघडलं होतं आणि काय सुधारलं, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

ज्याचं कारण सापडत नाही त्याला माणूस शोधावा लागतो. तो शोध एका कोंबडीवाल्या म्हातारीने लावला. "शेठ, ही बाय बसली का मोटार मरते," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "आन उतरली का जित्ती व्हते. बघा तुमी." सगळ्यांनी बघितलं आणि तसंच होतं. बाजाराच्या दिवशी मी नसताना गर्दीत कुणी भरदार बाप्या माझ्या कोपऱ्यात बसायचा, तेव्हाही मोटार बंद पडायची. पण तेव्हा म्हणत, पेट्रोलात कचरा आला. मी नसले की कचरा, मी असले की मी.

शेठने कल्याणहून मिस्त्री आणवला. त्याने मोटार छपरात उभी करून दिवसभर इंजिन चालू ठेवलं. कॉइल बदलली, वायरींना पट्ट्या गुंडाळल्या. मोटार खोकलीसुद्धा नाही. "गाडी ठणठणीत आहे, शेठ," मिस्त्री म्हणाला. "मंग दोष गाडीचा नाय," शेठ म्हणाला, आणि मिस्त्रीने मान डोलावली. मागच्या कोपऱ्यात कुणाला तरी बसवून बघावं, हे त्याला सुचलं नाही. ती जागा माणसाची आहे असं कुणी धरतच नव्हतं.

मला कळलं ते लुगड्यांमुळे. माझ्या प्रत्येक लुगड्याला मागच्या बाजूने भोकं पडायला लागली. कडा पिवळ्या, आणि धुतलं की भोक वाढायचं. शिवाय मोटार बंद पडायच्या आधी बुडाखालची गादी तापायची. एकदा किन्हवलीच्या नाक्यावर मोटार थांबली, इंजिन चालू होतं, माणसं चहाला उतरली होती. मी गादी उचलून बघितली. खाली लाकडी खोक्यात बॅटरी, तिच्यावरचं झाकण कधीच गेलेलं; तिच्यातल्या तेजाबानेच माझी लुगडी खाल्ली होती. गादीची एक स्प्रिंग तुटून खाली लोंबत होती आणि तिचं टोक जळून काळं पडलं होतं. बॅटरीच्या शिशाच्या गुंडीवरही तसाच काळा चट्टा. मी काही काडी पैलवान नव्हे. मी बसले आणि खड्डा आला की स्प्रिंग गुंडीला टेकायची, सगळी वीज तिथेच जायची आणि इंजिन उपाशी मरायचं. मी उतरले की गादी वर.

मला इतका आनंद झाला की मी ओरडूनच सगळ्यांना बोलावलं. शेठ आला, ड्रायव्हर आला, कोंबडीवाली आली. "बघा आता," म्हणून मी गादीवर दोन्ही हात टेकून जोर दिला. खाली ठिणगी उडाली आणि इंजिन बंद.

मग शेठ म्हणाला, "बघितलंत? नुसता हात लावला तरी मेली."

काय हसले सगळे! ड्रायव्हरने ठिणगी बघितली होती. त्याने शेठकडे बघितलं आणि मग तोही हसला.

पुढच्या थंडीत, म्हसा गावची जत्रा उलगडत होती तेव्हा, शेठची लेक पहिल्या बाळंतपणाला मुरबाडला आली होती. ती अडली. मुलाचा हात आधी बाहेर आला. घरच्या दाईने हात टेकले, डॉक्टर कल्याणला गेलेले. शेठ स्वतः मोटार घेऊन किन्हवलीला मला न्यायला आला. मोटारीत तो, ड्रायव्हर आणि मी. मी मागे उजव्या बाजूला बसायला गेले, तर तिथे अर्धा बाक अडवून सूप. त्यात नारळ, खण, हळदकुंकू. लेकीच्या उशाशी ठेवायला देवीपुढून आणलेली ओटी.

"ते मांडीवर घ्या," मी म्हटलं. "मला तिथे बसू द्या. नाहीतर मोटार थांबेल."

"ओटीच्या जागी तुमी?" शेठ म्हणाला.

"मग पुढे बसते."

"माझी लेक अडलीय आन तुमचं तोंड पुढं? बसा गुमान मागं."

बसले. काळू नदीच्या अलीकडे मोटार बंद पडली. मी पुन्हा स्प्रिंगचं सांगितलं, ओरडून सांगितलं. शेठने मला उतरवलं. हँडल मारलं, मोटार सुरू झाली. मग तो ड्रायव्हरला म्हणाला, "चढाच्या वर नेऊन उभी कर. बाय येतील चालत." सुईणीला आणायला निघालेली मोटार सुईणीला रस्त्यावर टाकून पुढे गेली. ओटी बसून, मी पायी. पिशवी घेऊन चढ चढले, मोटारीत बसले, थोडं पुढे गेलो आणि पुन्हा बंद. पुन्हा उतरवलं, पुन्हा चालले. तिसऱ्या वेळी मी कुणाला विचारलं नाही. बाकासमोर, आत पाय ठेवायच्या फळीवर उकिडवी बसले. तिथून मुरबाडपर्यंत मोटार कुठेही थांबली नाही. शेठने एकदा मागे वळून बघितलं आणि तोंड फिरवलं.

मी पोचले तेव्हा बाहेर आलेला हात काळानिळा आणि थंड होता. मुलगा होता. आईला मी वाचवलं, ते कुणी बोललं नाही. "पायगुण," एवढा शब्द माजघरातून ऐकू आला.

लेकीला ताप होता म्हणून मी तिथेच राहिले. एका सकाळी ओसरीवरून दिसलं, की शेठने सुतार बोलावलाय. सुताराने मोटारीतली गादी काढली, लोंबती स्प्रिंग कापली आणि बॅटरीवर जाड फळी ठोकली. शेठ शेजारी उभा राहून कुठे ठोकायची ते बोटाने दाखवत होता. त्याने मला बघितलं. मी त्याला बघितलं. मला वाटलं, संपलं बाई एकदाचं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, मूर्खासारखं.

संध्याकाळी त्याने ड्रायव्हरला सांगितलं, "ह्या बायला परत मोटारीत घ्यायची नाय."

त्यानंतर ती मोटार कधी वाटेत थांबली नाही. शहापूर ते मुरबाड लोक एकमेकांना सांगत, बाय बसायची थांबली आन मोटार सुधारली. आता त्यांच्याकडे पुरावाच होता. मी फळीबद्दल सांगू लागले की लोक कीव केल्यासारखं बघत. माझा त्या माणसावरचा राग आजही तसूभर कमी झालेला नाही, आणि व्हावा अशी इच्छाही नाही.

मी पायी जाऊ लागले. कधी बैलगाडी मिळे, बहुतेकदा नाही. किती ठिकाणी उशिरा पोचले ते मी आठवत बसत नाही.

पुढे लढाईच्या दिवसांत शेठच्या लेकीला पुन्हा दिवस गेले. तिने हट्टच धरला, की सुईण मीच हवी. मग एका दुपारी शेठचा गडी दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. तो मोटारीतून आला होता. मोटार नाक्यावर घरघरत उभी होती.

"शेठनी निरोप दिलाय," तो म्हणाला. "ताईचे दिवस भरत आलेत. बायना म्हणावं आजच निघा. चालत यायला येळ लागतो."

एवढं सांगून तो मोटारीत जाऊन बसला. मी पिशवी भरली आणि निघाले.