सरुबाईच्या डोळ्यातल्या शिरा

अणदूरच्या दूध संस्थेत सरुबाईला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात तिनं तलावाच्या कामावर खडी फोडली. पुढं संस्थेमार्फत म्हैस मिळाली आणि ती बायकांची पुढारीणच झाली. गावात काही नवं आलं की आधी हात घालणार तीच.

अठ्ठ्याऐंशी साली गावात डोळ्यांचं शिबिर भरलं. शेजारचा महारुद्र पुण्याला कॉम्प्युटर शिकत होता. डॉक्टरांबरोबर तोही आला, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा घेऊन. साखरेच्या आजारात त्या पडद्यावरच्या रक्ताच्या शिरा बिघडतात. फोटोतल्या शिरा कॉम्प्युटरनं आपणहून शोधाव्यात, यासाठी त्याची खटपट चालली होती. त्याला निरोगी डोळ्यांचे फोटोही हवे होते, पण नजर जाईल या भीतीनं कुणी पुढं येईना.

"मावशी, तुम्ही बसता का?"

"दुखतंय का रं?"

"न्हाय. लख्ख उजेड पडतो, अन् डोळ्यात घालायच्या थेंबांमुळं सांजपर्यंत धूसर दिसतं."

"मग काढ की!"

त्या संध्याकाळी सरुबाईनं शेजारणीच्या म्हशीला आपली समजून पेंड चारली. आळीभर हसू पिकलं. सगळ्यात जास्त तीच हसली.

दिवाळीनंतर महारुद्र कॉम्प्युटरवर छापलेले, कडेला भोकं असलेले दोन लांब कागद घेऊन आला. पहिल्यावर तुटक रेघा होत्या.

"दोन्ही तुमच्याच डोळ्याचं. हे मशीननं आधी काढलेलं, बारीक शिरा सुटल्यात. आता हे बघा."

दुसऱ्या कागदावर फांद्या फुटत गेलेल्या शिरा सलग उमटल्या होत्या.

"मशीनला कसं कळतं रं?"

"शीर म्हणजे बारीक गडद पट्टी, दोन्ही अंगाला उजळ. तशी पट्टी मशीन फोटोभर हुडकतं, आडवी, उभी, तिरकी. जुळली की खूण करतं."

"एवढं समदं माझ्या डोळ्यात हाय व्हय!" सरुबाई कागदावरून बोट फिरवत राहिली. सकाळी तो कागद दूध केंद्रावर हातोहात फिरला.

"माझ्या डोळ्यात याहून दाट असतील," दूध घालायला आलेली द्वारकाबाई म्हणाली.

पुढच्या शिबिराला बायकांची रांग देवळापर्यंत गेली. द्वारकाबाईचा नंबर आला आणि कॅमेऱ्यातला रोल संपला.

"पुण्याहून येतोस अन् एवढासाच रोल आणतोस व्हय?" ती कडाडली.

महारुद्र कानाला हात लावून हसत सुटला आणि दुसरा रोल आणायला सोलापूरची एसटी गाठायला पळाला.