मौनाच्या दिवशी आलेला फोन

दत्त महाराजांवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, पण गेली चार वर्षे तिची नुसती सवय उरली होती, हे आधी कबूल करतो. संध्याकाळी दिवा लावायचो, आरती म्हणायचो आणि कान मात्र स्वयंपाकघराकडे असायचे. तिथे बायको आमच्या मुलीशी फोनवर बोलत असे. मुलीने उल्हासनगरच्या एका सिंधी मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा मी तिला नाही नाही ते बोललो होतो. अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर सुपरवायझर म्हणून वावरलेला माणूस मी. घरातही शेवटचा शब्द आपलाच, अशी माझी खात्री. बायकोला बजावलं, तिचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. बायकोने ते तंतोतंत पाळलं. भिंतीपलीकडून कधी हसणं, कधी खालच्या आवाजातलं "हो गं, जेवले ते" एवढंच माझ्या वाट्याला यायचं. आमच्या बदलापूरहून उल्हासनगर ते असं किती लांब! पण मी गेलो नाही. रस्त्यात कुणाच्या मुलीने "बाबा" म्हटलं तरी मात्र वळून बघायचो, आणि मग दिवसभर जीव कशात लागायचा नाही.

आमचा बदलापूरच्या बेलवलीतला दहाबारा जणांचा गट दर मार्गशीर्षात एक दिवस पायी निघतो. आधी नदीकाठाने, मग कालव्याच्या बांधावरून, बारवी धरणाच्या बाजूला एका पाड्यात असलेल्या छोट्या दत्तमंदिरापर्यंत. निघताना प्रत्येकाने मनात संकल्प करायचा आणि देवळाची पायरी लागेपर्यंत मौन. हूं की चूं करायचं नाही. ज्याचं मौन मोडलं त्याचा संकल्प गेला, अशी आमची समजूत. यंदा मी मनात म्हणालो, "महाराज, एकदा तिचा आवाज कानावर पडू द्या." तो पडल्यावर मी तिला काय काय सांगायचं, तेही चालता चालता जुळवत होतो. त्यात माझीच बाजू जास्त होती.

दहाच्या सुमारास आम्ही कालव्याला लागलो. वाट एकामागे एक चालण्यापुरती. एका बाजूला संथ पाणी, दुसरीकडे कापणी झालेली भाताची खाचरं. चपलेत गेलेला खडा काढायला मी थांबलो, तोवर बाकीचे वळणाआड गेले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्या पट्ट्यात कुणालाच कधी रेंज मिळत नाही. बघितलं, तर मुलीचं नाव.

उचलून बोललो तर मौन मोडणार, आणि संकल्प तर तिच्याचसाठी केलेला. उचलून गप्प राहिलो तर तिला वाटणार, बाबांचा राग अजून गेलेला नाही. चिडलो की आठ आठ दिवस अबोला धरायची माझी खोड तिला चांगली ठाऊक. आता कुणीही म्हणेल, अहो, सरळ उचलायचा आणि बोलायचं! पण मी फोन हातात धरून खांबासारखा उभा राहिलो आणि तो वाजून वाजून थांबला. मग इतकं भडभडून आलं की मी तिथेच बांधावर बसलो.

खाली काठाशी एक म्हातारी बाई गवताचा भारा बाजूला ठेवून विळा धूत होती. ती म्हणाली, "कवरा येल वाजत व्हता. उचलला का नाय, बाबा?" मी ओठांवर बोट ठेवून हात जोडले. "मौनवालं का? मंगाशी गेली ती तुमचीच मानसा?" मी मान हलवली. इतक्यात फोन पुन्हा वाजला. बाई भराभर वर आली, पदराला हात पुसले आणि माझ्यापुढे पसरले. "आना इकरं. मौन तुमचा हाय, माजा नाय."

मी फोन दिला. ती कालव्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हॅलो! तुजा बापूस हतंच हाय गो बाय, पन बोलाचा नाय. मौन हाय त्याचा." मग थोडं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली. "ती म्हनते, तिला ठावं हाय. म्हनूनशी तं आज केला." आणि तिने फोन माझ्या कानाला लावला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आईकडून कळलं आज तुमचं मौन आहे. म्हटलं, आज तरी तुम्ही मला मध्येच तोडणार नाही." मग एका दमात म्हणाली, "मागच्या वर्षी माझं बाळ गेलं, बाबा. मला सहावा महिना होता. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होते. दारात कुणी आलं की वाटायचं, तुम्हीच."

मला हे माहीत नव्हतं. नाव काढायचं नाही म्हणून बजावलं होतं ना मी. बायकोने एवढं दुःख एकटीने गिळलं होतं. "मला कुणी सांगितलंच नाही गं" हे अगदी ओठांवर आलं, आणि मौनाने ते तिथेच अडवलं. ती बोलत राहिली. सासू रात्रंदिवस उशाशी कशी बसून होती, बाळासाठी आणलेलं सामान कपाटाच्या वर कसं अजून तसंच आहे, सगळं. तिचं बोलणं मी शेवटपर्यंत ऐकलं, असं तिच्या जन्मापासून पहिल्यांदाच घडलं. डोळ्यांतलं पाणी थांबेना. बाईने फोन स्वतःकडे ओढला. "रडतंय गो तुजा बापूस. लय रडतंय." पलीकडचं उत्तर मलाही ऐकू आलं. "रडू दे त्यांना. मी आहे फोनवर."

फोन झाल्यावर बाई भारा डोक्यावर घेऊन निघूनही गेली. तिला नमस्कार करायचंही मला सुचलं नाही. ती कोण, त्या जागी रेंज कुठून आली, हे मी कुणाला विचारत बसलो नाही. देवळात सगळ्यांनी गजर करून मौन सोडलं. मी पायरीवर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. मी आवाज मागितला होता. महाराजांनी तो दिला, पण आधी माझं तोंड बंद करून. आपण देवाकडे मागणं मागतो आणि ते कसं पुरवायचं तेही त्यालाच शिकवायला जातो. तेवढं शिकवणं सोडलं की बाकीचं त्याचं तो बघतो, असं आता मला मनापासून वाटतं. त्याचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

त्याच संध्याकाळी बायकोला घेऊन उल्हासनगरला गेलो. दार मुलीनेच उघडलं. फार वाळली होती. तिने पाणी आणून दिलं आणि समोर उभी राहिली, मी काय बोलतो याची वाट बघत. सकाळी जुळवलेल्यातलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी तिचा हात धरला आणि विचारलं, "बाळाचं नाव काय ठरवलं होतंस?"

ती माझ्याशेजारी बसली आणि सांगू लागली.