गाडीत तो एकटाच होता

पोलिसांच्या कागदावर लिहिलं आहे की त्या दुपारी गाडीत माझा भाचा एकटाच होता. मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसले होते. मांडीवर पर्स, पायाशी तुळशीची कुंडी, आणि मागे डिकीत आईची विळी. कागदावर तुळशीचाही उल्लेख नाही, पण तिला बोलता येत नव्हतं. मी मात्र घसा बसेपर्यंत बोलले होते.

ताईच्या नवऱ्याची दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून आसामला बदली झाली होती. फौजी घरात बदली म्हणजे काळ्या ट्रंका आणि वाटावाटी. कूलर शेजारणीला, पडदे मागच्या क्वार्टरला आणि विळी मला. या विळीवरून आम्ही दोघी बहिणी आई गेल्यापासून भांडत होतो. जाड पाट, रुंद पातं, टोकाला नारळाची खवणी. "ने एकदाची, आणि आता पुन्हा तोंड वाकडं करू नकोस," ताई म्हणाली. तिचा मुलगा परीक्षेच्या अभ्यासासाठी आमच्याकडे द्वारकेला राहायचा. केंद्र सरकारच्या एका खात्यात निरीक्षक म्हणून त्याची नुकतीच निवड झाली होती, फक्त नेमणुकीचं पत्र यायचं होतं. त्यानं विळी जुन्या चादरीत गुंडाळून डिकीत ठेवली आणि आम्ही निघालो.

पंधरा ऑगस्ट जवळ आला की दिल्लीत जिथे तिथे पिवळे बॅरिकेड उभे राहतात. थांबवलं याबद्दल माझी काही तक्रार नाही. थांबवावंच. पण त्या हवालदारानं काच खाली करायला लावली, हात आत घातला आणि किल्ली काढून घेतली. काही विचारलं नाही, सांगितलं नाही, स्वतःच्या खिशात हात घालावा तसा घातला.

भाचा आवाज न चढवता म्हणाला, "सर, चाबी मत निकालिए. काग़ज़ दे रहा हूँ न. चाबी निकालने का पावर नहीं है आपको, कोर्ट ने भी कहा है."

"अच्छा, वकील साहब हैं," हवालदार म्हणाला. "चलो, डिकी खोलो."

खरा गुन्हा इथे घडला. पुढे जे काही झालं ते भाच्याच्या त्या एका वाक्याबद्दल झालं. विळीच्या जागी पाना असता, पोळपाट असता, तरी तेच झालं असतं असं मला आजही वाटतं.

चादर सुटली आणि पातं उन्हात चमकलं. "ये क्या हथियार है?" मी गाडीतून उतरून सांगितलं की ही भाजी चिरायची वस्तू आहे, आमच्याकडे घरोघरी असते. "घर में चाकू नहीं है?" असं विचारून तो हसला. मग मी ऑफिसला नेसून जायच्या साडीत रस्त्याच्या कडेला बसले, एक पाय दुमडला आणि पाट पायाखाली कसा दाबून धरायचा ते नुसत्या हातवाऱ्यांनी दाखवलं. काकडी असती तर चिरूनही दाखवली असती. पोलीस हसत होते, बस स्टॉपवरची माणसं बघत होती, आणि माझा भाचा खाली मान घालून म्हणत होता, "मावशी, ऊठ गं, प्लीज."

त्यांच्यात एक वयस्कर शिपाई होता, बोलण्यावरून बिहारचा. तो विळीवर वाकून हळूच म्हणाला, "ई त पहसुल है. हमरे घर में भी है." माझा जीव भांड्यात पडला. सुटलो, मला वाटलं. हवालदारानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. शिपाई मागे सरकला, आणि थोड्या वेळानं जप्तीच्या कागदावर साक्षीदार म्हणून त्यानंच सही केली.

मी ओळखपत्र पुढे धरलं. केंद्राच्याच एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे मी. "मेरा नाम लिखिए, पता लिखिए, मैं गाड़ी में थी," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "मॅडम, आप घर जाइए, बात मत बढ़ाइए." समोर शिकंजीची, म्हणजे लिंबू सरबताची, हातगाडी होती, बस स्टॉपवर गर्दी होती. एकालाही कोणी जवळ बोलावलं नाही. भाच्याला जीपमध्ये बसवलं. मी रिक्षा करून मागोमाग गेले, तुळस मांडीवर घेऊन.

दुसऱ्या दिवशी जामीन झाला. काही महिन्यांनी आरोपपत्र आलं आणि आमच्या वकिलांनी ते वाचून दाखवलं. आईची विळी तिथे "एक लोहे का धारदार हथियार" झाली होती, आणि पाट झाला होता "लकड़ी का हत्था". पुढे होतं, "मुलज़िम गाड़ी में अकेला था. चार-पाँच राहगीरों को गवाही में शामिल होने के लिए कहा गया, पर सब अपनी-अपनी मजबूरी बताकर, बिना नाम-पता बताए चले गए."

मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. वकील हसले. "मॅडम, ये लाइन तो हर केस में होती है."

अटकेच्या दिवशी आला नव्हता इतका राग मला त्या वाक्यानं आला. आजही तो गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही. मी नाव सांगत होते. पत्ता सांगत होते. ऑफिसचा फोन नंबर सांगत होते. आणि यांनी मला पुसून टाकलं होतं, वर त्या जागी चार-पाच भेकड माणसं उभी केली होती, जी कधी नव्हतीच. कुठल्या तरी टेबलावर हे वाक्य तयार पडलेलं असतं, ते उचलायचं आणि कुणाच्याही पोराच्या नावाखाली चिकटवायचं.

आणि पोराचं काय पणाला लागलं होतं? खात्यानं चौकशीच्या फॉर्मवर विचारलं होतं, तुमच्यावर खटला चालू आहे का. भाच्यानं खरं ते लिहिलं. उत्तर आलं की निकाल लागेपर्यंत नेमणूक थांबवण्यात येत आहे. माझा नवरा म्हणाला, "निकाल लागला की मिळेल, यार. लॉमध्ये सगळं लिहिलंय. टेन्शन कशाला घेता?"

लॉमध्ये लिहिलं होतं हे खरंच. वकिलांनी आम्हाला दाखवलं की घरकामासाठी किंवा शेतीसाठीच बनवलेली वस्तू कायद्यानं शस्त्र ठरत नाही. वरच्या कोर्टांचे निवाडे दाखवले. भरवस्तीत झडती घ्यायची तर आसपासची माणसं साक्षीला घ्या, मिळाली नाहीत तर का मिळाली नाहीत ते पटेल असं सांगा, नुसतं ठरलेलं वाक्य लिहू नका. किती चांगले निवाडे होते ते. वाचताना ऊर भरून यायचा. एवढं सगळं लिहून ठेवलेलं असताना त्यातलं एक अक्षर त्या नाक्यावर कसं पोचत नाही, असं मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, पोचलं तर आम्ही काय खाणार?" त्यांना विनोद करायचा होता. मला हसू आलं नाही.

वर्षं गेली. कधी हवालदार हजर नाही, कधी मॅजिस्ट्रेटची बदली, कधी जप्त मालाच्या कोठीतून विळीच आलेली नाही. भाचा दर तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून जायचा. सुरुवातीला तो निवाडे पाठ म्हणून दाखवायचा, नंतर नंतर त्यानं ते सोडून दिलं.

मी बचावाची साक्षीदार, म्हणून पोलिसांच्या साक्षी चालू असताना मला बाहेर व्हरांड्यात बसावं लागलं. आत काय झालं ते भाच्यानं सांगितलं. वकिलांनी त्या वयस्कर शिपायाला विचारलं होतं, "ऐसी चीज़ आपके घर में है?" शिपाई म्हणाला, "ध्यान नहीं."

"जाने दे, मावशी. त्याला पेन्शन घ्यायची आहे," भाचा म्हणाला. मी नाही जाऊ दिलं. हवालदाराला मी माजोरडा म्हणून विसरेन एक वेळ. पण ज्याला माहीत होतं, ज्याच्या बायकोनं त्या सकाळीही त्याच पात्यावर भाजी चिरली असेल, त्याला मी माफ करणार नाही.

मग माझी पाळी आली. सील तोडून कापडातून विळी काढली, तेव्हा ती मला ओळखू येईना. पातं गंजून लाल झालं होतं. सरकारी वकील म्हणाले, "आप तो मौसी हैं. भांजे को बचाएँगी ही."

"हाँ, मौसी हूँ," मी म्हटलं. "इसीलिए गाड़ी में थी."

मॅजिस्ट्रेट तरुण बाई होत्या. त्यांनी विचारलं, "इससे काटते कैसे हैं?" मी पुन्हा बसले, या खेपेला विळी पायाखाली घेऊन. कोर्टात कोणी हसलं नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. झडती संशयास्पद, साक्षीदार उपलब्ध असूनही घेतले नाहीत, वस्तू घरगुती वापराची, आरोपी निर्दोष. माझी साक्ष विश्वासार्ह आहे असंही त्यात म्हटलं होतं. ती ओळ मी कितीदा तरी वाचली. शेवटी मात्र होतं की अपिलाची मुदत संपल्यावर जप्त माल नियमानुसार नष्ट करावा. शस्त्र नाही म्हणून माणूस सुटला आणि विळी मोडीत. मी अर्ज केला, चकरा मारल्या, वकिलांनी "छोड़िए न" म्हटलं तरी सोडलं नाही, आणि ती परत मिळवली.

नोकरी परत मिळवता आली नाही. खात्याकडून उत्तर आलं की त्या निवड यादीची मुदत कधीच संपली आहे, सबब विचार करता येत नाही. पुन्हा परीक्षेला बसावं तर वय उलटून गेलं होतं. भाचा तोवर नोएडाला एका कंपनीत लागला होता आणि दिवसभर इतरांची बिलं तपासत होता. पत्र वाचून तो एवढंच म्हणाला, "चलो, ठीक आहे."

विळी मिळाली त्या दिवशी तोच गाडी घेऊन आला होता. परतताना पुन्हा नाका लागला. मी खिडकीतून बाहेर बघत होते. काच खाली झाली, इंजिन बंद झालं. वळून बघते तर भाच्यानं स्वतःच किल्ली काढली होती आणि पोलीस काही म्हणायच्या आत त्याच्या हातावर ठेवली होती.

"डिकी खोल दूँ, सर? सब्ज़ी काटने की चीज़ है. ऑर्डर भी साथ है."

पोलीस नवा होता, भाच्याहून लहान. तो गोंधळून गेला. "चाबी किसने माँगी, भाई? लाइसेंस दिखाओ बस."

निकालाची प्रत माझ्या पर्समध्ये होती, शिक्क्यासकट. भाच्यानं लायसन्स दाखवलं, दोन्ही हात पुढे करून किल्ली परत घेतली आणि आपल्याच किल्लीसाठी त्या पोलिसाला दोनदा "थँक यू, सर" म्हणाला.