आमचा बायकांचा ग्रुप

शेवग्याच्या शेंगा तोडता तोडता फांदी कडकन मोडली आणि मी खाली आले. धनज गावाजवळ आमचा भाजीचा मळा आहे, तिथलीच गोष्ट. पाठीचा मणका मोडला, कमरेखालचं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आल्यावर भेटायला येणारे चहा प्यायचे आणि माझ्यासमोरच नवऱ्याला विचारायचे, "आता हिचं कसं होईन?"

जावेनं मला मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. मणक्याला मार लागलेली माणसं होती तिथं. खाटेवरून व्हीलचेअरवर कसं सरकायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस कशी बदलायची, हे मी त्यांच्या व्हिडिओंवरून शिकले. पण बोलणारे सगळे पुरुष. लघवीच्या नळीचं, पाळीचं त्यांच्यासमोर कसं विचारायचं? म्हणून मी बायकांचा वेगळा ग्रुप काढला.

एका दुपारी आमच्याच जिल्ह्यातल्या शिरपूरहून एका बाईचा फोन आला. तिची सून मोटरसायकलवरून पडली होती. आमच्यासारखंच झालं होतं.

"बाई, ते बोलूनच नाही राह्यली. जेवत बी नाही. तुमी समजावा तिले."

मी म्हटलं, "फोन स्पीकरवर टाका आन् तिच्यापाशी ठेवा."

समजावण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. मी सुनेला एवढंच म्हटलं, "मी बी तुज्यासारखीच खाटेवर होती वं. सांग मले, तुले सगळ्यात जास्त तरास कशाचा होते?"

मग ती म्हणाली, "कपडे बदलतेत तवा दार उघडं राह्यते. येणारा-जाणारा पाह्यते."

सासू तिथंच होती. "काहून नाही सांगितलं वं मले?"

"तुमी कधी इचारलं?"

फोन तसाच बंद झाला आणि मला वाटलं, आपण घरात भांडण लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी सासूनं फोटो पाठवला. दाराला जुन्या हिरव्या लुगड्याचा पडदा लावला होता. खाली तिचा रेकॉर्ड केलेला आवाज : "आज अर्धी भाकर खाल्ली तिनं."

सून हळूहळू ग्रुपमध्ये बोलू लागली, आधी रडण्यापुरतं, मग रागावण्यासाठी, मग हसण्यासाठीही. आता नवी बाई आली की पहिला फोन तीच करते. त्या दोघी काय बोलतात, ते मी विचारत नाही.